सतरा नंबरचा फॉर्म

कालिंदीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो झोपला होता.

मंगळवार पेठेतल्या वाचनालयाची मागची खोली. मधोमध वर्तमानपत्रांचं लांब टेबल, आणि त्या टेबलावर उजव्या हाताची उशी करून एक तिशीचा माणूस गाढ झोपलेला. एप्रिलचा मध्य होता, साल अठ्ठ्याहत्तर. साडेसहा वाजून गेले तरी दिवसभर तापलेल्या भिंती अजून धगधगत होत्या. वरचा पंखा नुसता फिरल्यासारखं करत होता.

कालिंदी दारातच थांबली. गिरण बंद करून, तोंडावर पाण्याचा हबका मारून ती तशीच धावत आली होती. बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘प्रौढांसाठी मोफत उन्हाळी वर्ग. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी मराठी, इंग्रजी, गणित. सात ते साडेआठ.’ खोलीत मात्र ह्या झोपलेल्या माणसाशिवाय कुणी नव्हतं.

“ओ पावणं,” ती म्हणाली, “उठा की. वर्ग भरायचा हाय हितं.”

त्यानं एक डोळा उघडला. “मास्तर आलं?”

“न्हाई अजून.”

“मग झोपू द्या की पाच मिन्टं.” आणि डोळा पुन्हा मिटला.

कालिंदीला हसू आलं, थोडा हेवाही वाटला. अशी लाकडाच्या टेबलावर झोप लागायची म्हणजे... तिला घरच्या गादीवर लागत नव्हती. ती समोरच्या बाकावर बसून राहिली. सातला ग्रंथपाल नृसिंहराव आले, त्यांच्यामागून आणखी सात-आठ जण. तेव्हा तो माणूस उठला, माठातलं पाणी तोंडावर मारलं, शर्टाच्या बाहीनं चेहरा पुसला, आणि खडू घेऊन सरळ फळ्यापाशी जाऊन उभा राहिला.

“मी गोमटेश मगदूम. गणित मी शिकवणार. शिरोलीच्या फौंड्रीत हाय. लोखंडाचा रस ओतायच्या आधी लाकडाचा नमुना करावा लागतो, ते काम माझं. सकाळी सहाला पाळी सुरू होती, तवा मधी जांभई दिली तर राग मानू नका.” मग कालिंदीकडं बघून, चेहरा अगदी गंभीर ठेवून तो म्हणाला, “मास्तर आलं बरं का, बाई.”

सगळा वर्ग तिच्याकडं बघायला लागला. कालिंदीनं वहीत डोकं खुपसलं.

ती सत्तावीस वर्षांची होती. नववीत असताना आई गेली आणि शाळा सुटली ती सुटलीच. वडिलांची, अंबादासांची, पिठाची गिरण होती, त्यांना दमा. पीठ उडालं की श्वास लागायचा. मग कालिंदीच पट्टा चढवायची, डबे उतरवायची, गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायची. बारा वर्षं. आपण थकलो आहोत हे तिच्या आता लक्षातही येत नसे; पायात चप्पल असते तसा तो थकवा असायचा. मग एक दिवस दळण घ्यायला आलेल्या शालूबाईनं वर्गाची बातमी आणली. ह्या शालूबाई दवाखान्यात आया होत्या, वय पंचेचाळीस. “दहावी झाल्याशिवाय मला कायम करत न्हाईत गं,” त्या म्हणाल्या, “तू चल सोबतीला.” सोबत म्हणून आलेली कालिंदी पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर बसली.

वर्गात एक अडचण होती. वाचनालयात हळू बोलायचं असतं, आणि कालिंदीला हळू बोलता येत नव्हतं. गिरणीच्या घरघरीवर ओरडून ओरडून तिचा आवाजच तसा झाला होता. गोमटेशचाही तसाच. तिनं शंका विचारली की पुढच्या खोलीतले पेपर वाचणारे म्हातारे माना वर करायचे, आणि त्यानं उत्तर दिलं की नृसिंहराव दारात येऊन ओठांवर बोट ठेवायचे.

“बाई, जरा हळू,” गोमटेश कुजबुजायचा.

“तुम्ही आधी,” ती कुजबुजायची. तीही अर्ध्या पेठेला ऐकू जाईल अशी.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं चाकांचं गणित घातलं. लहान चाक मोटारीला, मोठं चाक यंत्राला, मधे पट्टा. लहान चाक बाराशे फेरे फिरलं तर मोठं किती? सगळे आकडेमोड करत होते. कालिंदीनं पेन्सिलही उचलली नाही. “चारशे ऐंशी,” ती म्हणाली.

तो फळ्याकडून वळला. “कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाई. मोठं चाक अडीच पट हाय न्हवं? रोज बघते की.”

तो तिच्याकडं बघत राहिला. खडू हातात तसाच. बघणं जरा जास्तच लांबलं, तेव्हा शालूबाई खोकल्या, आणि त्यांना खोकला झालेला नव्हता.

गोमटेश सव्वासहालाच यायचा. घरचं वळण जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं. म्हणून वाचनालयाच्या पायरीवर बसून डबा खायचा आणि मग सातपर्यंत टेबलावर झोपायचा. कालिंदीही आता सव्वासहाला यायला लागली. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

“एवढं दमता,” ती एकदा म्हणाली, “तर फुकट शिकवायला कशाला येता?”

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “आमच्या घरात अकरा माणसं. मी मॅट्रिकला होतो तवा बसायला जागा न्हवती. नृसिंहरावांनी ही मागची खोली दिलती मला. आता ते म्हणालं, उन्हाळ्यात ये... न्हाई कसं म्हणू?” थोडं थांबून तो म्हणाला, “आणि आता न्हाई म्हणायचं मनातबी न्हाई.”

ती पायरीवरची मुंगी बघत बसली. मुंगी केव्हाच निघून गेली होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म आले. शाळेत न जाता दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागायचा. कालिंदीनं नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ ह्या ओळीवर येऊन थांबली. बाकीच्यांचे फॉर्म देऊन झाले. ती तशीच बसलेली.

“काय अडलं?” गोमटेश बाकाच्या टोकाला येऊन टेकला.

“आई गेली, गिरण बघायला कोण न्हवतं, बा आजारी...” ती म्हणाली. “एवढ्याशा जागेत कुठलं मावायचं?”

ह्या वेळी तिचा आवाज खरोखर हळू होता. खिशातून पेन्सिल काढून त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, ‘घरची अडचण’. कालिंदीनं ते दोन शब्द फॉर्मवर उतरवले. बारा वर्षं, दोन शब्द. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. मग कितीतरी वेळ तो तिथंच बसून राहिला, पुढचं गणित न घालता.

मेअखेरच्या एका शुक्रवारी, वर्ग सुरू होऊन अर्धा तासही झाला नसेल, वळीव आला. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग पत्र्यावर गारांचा ताशा. वीज गेली. लोक दारात जाऊन उभे राहिले. शालूबाई गारा वेचायला अंगणात उतरल्या.

“मला बंगळूरला नोकरी लागली,” अंधारात गोमटेश म्हणाला. “पाच जूनला हजर व्हायचंय.”

“बरं झालं की,” ती म्हणाली.

“तुम्ही... तू येशील?”

“कुठं?” कळलं होतं तरी तिनं विचारलं.

“माझ्यासंगं. लग्न करून. रविवारपर्यंत सांगितलंस तर घरात बोलतो.”

गारा थांबल्या होत्या. पन्हाळीतून पाणी पडत होतं.

“मास्तर,” ती म्हणाली, “साधं समीकरण सोडवायला तुम्ही मला दहा मिन्टं देता. आणि ह्याला दोन दिवस?”

तो हसला. ती हसली नाही.

“बा दमेकरी हाय. गिरण माझ्यावर. फॉर्म आत्ता कुठं भरलाय. हे सगळं टाकून आले, तर तितं येणार कोण? नुसती एक दमलेली बाई. ती कशाला पायजे तुम्हाला?”

“मला पायजे,” तो म्हणाला.

“मला नको,” कालिंदी म्हणाली.

वर्ग एकतीस तारखेला संपला. गोमटेश तीन जूनला गेला.

त्याची पत्रं आठवड्याला यायची. पहिल्या पानावर भूमितीचे चार प्रश्न, मागं अर्धं पान मजकूर. इथं भाकरी मिळत नाही. इथं सगळे हळू बोलतात, मला करमत नाही. कालिंदी प्रश्न सोडवून पाठवायची, आणि खाली एकच ओळ लिहायची. कधी ‘पाऊस फार आहे.’ कधी ‘शालूबाईंना प्रमेय पाठ झालं.’ ती एक ओळ लिहायला तिला चार प्रश्नांपेक्षा जास्त वेळ लागायचा.

सप्टेंबरातली एक दुपार. दळण नव्हतं. ती दगडाला टाकी लावत होती, अंबादास पोत्यावर बसून बघत होते.

“बंगळूरचं पत्र आलं न्हाई ह्या आठवड्यात?” ते म्हणाले.

त्यांना ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं. “आलं.”

“काय लिवतोय?”

“गणितं.”

“नुसती?”

ती पुन्हा टाकी मारू लागली. अंबादास बराच वेळ श्वास जुळवत होते. “तुला तीन स्थळं आलती,” शेवटी ते म्हणाले. “मी परतवली. तुला कळू दिलं न्हाई.”

टाकीचा आवाज थांबला. “मला दोन ठाव होती,” कालिंदी म्हणाली.

“गिरण बंद पडंल म्हणून. दुसरं कारण न्हवतं... माणसं चांगली होती.”

तिला राग यायला हवा होता. तो कुठंतरी होताही. पण तो उचलायला अंगात बळ नव्हतं, आणि समोरच्या माणसाची पाठ सदऱ्यातून हाडं मोजता येतील अशी झाली होती. तिनं उठून तांब्या भरून दिला. ते पाणी प्यायले.

“जैनाचं घर,” ते म्हणाले. “कांदा न्हाई, लसूण न्हाई. दिवस बुडायच्या आत जेवायचं. जमंल तुला?”

“दिवस बुडायच्या आत जेवाय मिळालं तर देवच पावला म्हणायचं,” ती म्हणाली.

अंबादास हसले, हसता हसता खोकले. “गिरण चुलत्याच्या बंडूकडं देऊ चालवायला. मी बसतो ध्यान ठेवून. माझ्यानं एवढं होईल.”

ऑक्टोबरात तिनं परीक्षा दिली. दिवाळीला गोमटेश आला, सरळ गिरणीवरच. वाळला होता. बाकावर बसला आणि म्हणाला, “आईला सांगितलं.”

“मग?”

“बोलत न्हाई माझ्याशी. वाढती मात्र.”

“वाढती न्हवं? मग बोलंल.”

“आणि तू?” त्यानं विचारलं. “तू काय बोलतीस?”

कालिंदीनं हातातलं फडकं दोनदा झटकलं. “निकाल लागू दे. पास झाले तरी येते, नापास झाले तरी येते. पण निकाल मी हितंच बघणार.”

“थांबतो,” तो म्हणाला. एवढंच. पण त्यानंतर दोघांनाही बराच वेळ एकमेकांकडं बघवेना.

निकाल डिसेंबरात लागला. गोमटेश रजा काढून आला तेव्हा ती परीक्षेच्या शाळेच्या फाटकापाशी उभी होती, गुणपत्रक हातात. शालूबाई पास झाल्या होत्या आणि भेटेल त्याच्या हातावर पेढा ठेवत होत्या. कालिंदीला गणितात एकोणसत्तर होते. इंग्रजीत एकोणतीस. सहा मार्कांनी राहिली होती.

त्यानं कागद वाचला. घडी करून तिच्या हातात परत दिला.

कालिंदी सकाळीच रडून मोकळी झाली होती. आता फक्त थकवा होता. पण आज त्या थकव्याच्या तळाशी काहीतरी हलकं होतं. पोतं खांद्यावरून उतरवल्यावर वाटतं तसं.

“चला,” ती म्हणाली.

“कुठं?”

“घरी. बा वाट बघत असंल. तारीख काढायची हाय की न्हाई?”

तो चालायला लागला, मग थांबला, मग पुन्हा चालायला लागला. पेठेच्या कोपऱ्यावर कालिंदीनं विचारलं, “मार्चच्या परीक्षेचा फॉर्म बंगळूरहून भरता येतो काय?”

“विचारून बघू. न्हाई आला तर परीक्षेला हिकडं येऊ. मी रजा टाकतो.”

“आणि इंग्रजी? शिकवाल तुम्ही?”

गोमटेशनं मान खाजवली. “मला स्वतःला सदतीस पडलेलं,” तो म्हणाला.

“मग दोघांनीबी बसायचं अभ्यासाला,” कालिंदी म्हणाली, आणि भर रस्त्यात, ओळखीच्या सगळ्या दुकानांसमोरून, त्याच्या बरोबरीनं चालू लागली.