एकसष्टावं ताट

पहिल्याच भेटीत मी त्याला फ्रीज दुरुस्त करायला लावलं, हे आत्या अजूनही येईल त्याला सांगते.

काय करणार? सकाळपासून मोठा फ्रीज बंद, आत ढीगभर भाजी, आणि दुरुस्तीवाला "आलोच ताई" म्हणून जो गायब झाला तो झालाच. मी मटारची पिशवी ओढत स्वयंपाकघराशी आले, तर दारात एक उंच माणूस उभा. मी तोंडच सोडलं, "ही वेळ झाली का यायची? बघताय काय, व्हा आत!"

तो बिचारा निमूट आत गेला. बाह्या सारल्या, फ्रीजमागे वाकला... आणि पाच मिनिटांत फ्रीज घुरघुरायला लागला.

"प्लग सैल होता," तो हात झटकत म्हणाला.

"बरं. पुढच्या वेळी वेळेवर या."

"येईन की. पण मी... जेवणाची ऑर्डर द्यायला आलोय."

अगं बाई! मला कुठे तोंड लपवू असं झालं. आत्या चुलीपाशी हसून हसून लाल.

त्याच्या आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. साठ माणसांचं दुपारचं जेवण. आमच्याकडे आत्या रांधते आणि यादी मी सांभाळते, म्हणजे कोणाला काय चालत नाही ते आधी विचारून घेते. लोक "सगळं चालेल" लिहून मोकळे होतात आणि ऐन जेवताना शेंगदाणा बघून किंचाळतात. ह्याने मात्र साठच्या साठ ओळी भरून आणल्या.

'मामा — साखर बंद. चोरून खातात, गोडापासून लांब बसवावं. मोठी मावशी — गहू चालत नाही. लाजून मागणार नाही, आपणहून द्यावं. मामेबहीण — शेंगदाणा नाही. खरंच नाही, नखरे नाहीत.'

मी ती यादी तीनदा वाचली. आपल्या माणसांकडे इतकं लक्ष असलेला माणूस मी पाहिलाच नव्हता, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: 'बाबा — गिळायला त्रास. सगळं मऊ, गाळलेलं. पाणीसुद्धा घट्ट करून. मी — बाबांसारखंच.'

"तुम्हाला दात आहेत ना?" मी विचारलं.

"बत्तीस. मोजून घ्या हवं तर."

"मग मऊ कशाला?"

"असू दे हो..." म्हणत त्याने विषय बदलला. मला वाटलं, गडबडीत चुकून लिहिलंय. आणि दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायची मला भारी खोड! त्याची ओळ खोडून मी लिहिलं, 'सगळं चालतं.'

चव बघायला तो बाबांना घेऊन आला. बाबांचा इस्त्रीचा शर्ट, एक हात जरा संथ, हसणं किंचित वाकडं पण फार गोड. "गिऱ्हाइकाला फ्रीज दुरुस्त करायला लावणाऱ्या त्या तुम्हीच का?" त्यांनी आल्या आल्या माझी फिरकी घेतली.

मी ताटं मांडली. बाबांपुढे गाळलेल्या भाज्यांचे तीन गोळे. त्याच्यापुढे कुरकुरीत बटाटे, परतलेल्या भाज्या, खरपूस पाव.

बाबांनी मुलाच्या ताटाकडे पाहिलं. मग स्वतःच्या. चमचा खाली ठेवला.

"मला भूक नाही. त्या दिवशीही मी आतल्या खोलीतच बसेन. तुझ्या आईला सांग तसं."

आणि ते उठून बाहेर गाडीत जाऊन बसले.

"माझं... काय चुकलं?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं मला. "आजारपणापासून बाबा चारचौघांत जेवत नाहीत," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. घरी माझ्याबरोबर जेवतात... कारण माझ्या ताटातही तेच असतं."

"दोन वर्षं? रोज?"

"रात्रीचंच हो. दुपारी ऑफिसात बटाट्याचे वेफर्स खातो, चोरून." तो ओशाळून हसला. "आईला दुसरं काही नको. बाबांनी त्या दिवशी शेजारी बसून जेवावं, एवढंच."

मला रडूच आलं. आणि त्याच क्षणी तो मला आवडला, अगदी मनापासून आवडला.

"चूक माझी, निस्तरणार मीच," मी नाक ओढत म्हणाले. "साठही ताटं सारखी असली तर?"

आठवडाभर आत्या आणि मी भोपळा, गाजर, मटार शिजवून, गाळून, त्या त्या भाजीच्या आकाराच्या साच्यांत बसवत होतो. कुरकुरीत काय ते टेबलाच्या मधोमध, ज्याला हवं त्याने घ्यावं. ग्लासात सगळ्यांनाच फळांचा घट्ट रस. तो रोज ऑफिस सुटलं की चव बघायला हजर.

"हे गाजर गाजरासारखं दिसतं का?"

"माझं लक्ष नव्हतं गाजराकडे..."

"मग रोज येता कशाला?"

"फ्रीज बघायला."

आत्याला नेमका तेव्हाच खोकला यायचा.

त्या दुपारी मी दाराआडून बघत होते. बाबा दारातच थबकले. आईंच्या शेजारची खुर्ची रिकामी. त्यांनी मामांच्या ताटाकडे पाहिलं, मावशींच्या ताटाकडे, मग पलीकडच्या टेबलाकडे... आणि हळूच येऊन बसले. चमचा उचलला. आईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बांध फुटला असता. थोड्या वेळाने बाबांचा आवाज आला, "भोपळा आणखी आहे का गं?"

मी आत पळाले. डोळे पुसतेय तोच तो मागून आला.

"यादीत चूक आहे."

"माझ्या? शक्यच नाही!"

"एकसष्टावं नाव राहिलंय. जी सगळ्यांना विचारते आणि स्वतः उभ्याउभ्याने खाते, तिचं." तो जवळ आला. "तुम्हाला काय चालत नाही?"

"मनात ठेवून फिरलेलं... मुळीच चालत नाही."

"मग बोलूनच टाकतो. तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवशी ओरडलात, तेव्हापासून."

"मलाही..."

"अगं, ताट वाढू का नको?" आत्या ओरडली.

"वाढ!"

मी त्याच्या शेजारी, बाबांच्या समोर बसले. कुरकुरीत बटाट्यांची वाटी आमच्यापर्यंत आली. त्याने हात न लावता पुढे सरकवली. मीही सरकवली.

बाबांनी ती उचलून परत आमच्या दोघांच्या मधे ठेवली.

"घे रे. रोज शर्टावर चुरा घेऊन घरी येतोस, मला काय दिसत नाही?" मग माझ्याकडे बघून हसले. "तुम्हीपण घ्या ह्यातलेच. आणि चांगला आवाज करून खा, मला ऐकायला आवडतो."