सहा नंबरचे अठरा श्वास

बस अशी, चहा घे. दुपारची वेळ आहे, वॉर्ड झोपलाय. उद्यापासून ही पाळी तुझी, तेव्हा एक काम शिकवते. श्वास मोजताना रोग्याला सांगायचं नाही. कळलं की माणसाचा श्वास बदलतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. पुरतं एक मिनिट.

हे शिकवतात सगळ्यांना. करत कुणी नाही. कुठलाही तक्ता उघड, श्वास अठरा, धडधाकट माणसाचे असतात तेवढे. तापात अठरा, वेदनेत अठरा. मीही वीस वर्षं अठराच लिहीत आले.

सहा नंबरच्या खाटेवर एक म्हातारा घड्याळजी होता. फुप्फुसं पार कामातून गेलेली. मी न मोजताच लिहिलं की हसायचा. "सिस्टर, काटे न बघताच वेळ सांगता होय?" मला त्याचा राग यायचा. खरं बोलणाऱ्याचा येतोच.

डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑक्सिजन दोन लिटरच. अशा रोग्याला जास्त दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते, श्वास मंदावत जातो. पण त्या दुपारी तो सारखी घंटा दाबत होता, लेक रडत होती. मी सरळ आठवर नेला. दया आली म्हणून नाही, कटकट नको म्हणून. अर्ध्या तासात तो शांत झाला, गालांवर लाली आली. लेकीने माझे हात हातात घेतले. "तुमच्यामुळे बाबांना झोप लागली, सिस्टर." मी अठरा लिहिलं. छाती तेव्हा मिनिटाला सहादाच हलत असावी. चार वाजता तीही थांबली.

चौकशी झालीच नाही, तक्ता चोख होता ना. खऱ्याला मरण नाही म्हणतात. खोट्या आकड्याला तर मुळीच नाही.

तेव्हापासून रोज चारला माझं मनगट कुणीतरी धरतं. गार बोटं, हलकी, कसबी. पुरतं एक मिनिट. मग सहा नंबरच्या रिकाम्या खाटेच्या तक्त्यावर आकडा दिसतो. अक्षर माझंच. आधी सतरा होता... मग चौदा... दहा... काल सात. रात्री थोरल्या बहिणीला माझे श्वास मोजायला लावले. तिने सातच सांगितले आणि रडायला लागली.

मला धाप लागत नाही, बरं का. उलट फार शांत वाटतं. गालही बघ कसे लाल झालेत.

चार वाजले वाटतं. माझं मनगट सोड आता, मी घाबरत नाही...

पण तुझे दोन्ही हात तर कपाभोवती आहेत.