फणेरपेटीतला आरसा

कराडात लाईट जायची ती सांगून जायची नाही, आणि यायची ती तात्यांची गोष्ट संपल्याशिवाय यायची नाही, हे लग्नानंतरच्या दोन महिन्यांत शालूला कळून चुकलं होतं. त्या रात्रीही तसंच झालं. जेवणं उरकली, माडीवर सतरंजी पडली, आणि दिवा गेला. रंगूकाकींनी कंदील आणून मध्ये ठेवला आणि भिंतीला टेकून सुपारी कातरायला घेतली.

लालासाहेब तात्या म्हणजे शालूच्या नवऱ्याचे चुलते. उभा जन्म एस्टीत कंडक्टर म्हणून काढलेला. रिटायर झाले तरी बोलताना मध्येच हात वर जायचा, घंटीची दोरी ओढल्यासारखा.

"तात्या, उद्या सांगलीला जाताना आष्ट्यात उतरू म्हणतो," शालूचा नवरा हंबीरराव म्हणाला. "तिथं म्युझियम हाय म्हणं, फणेरपेट्यांचं. हिला बघायचंय."

शालू असं काही म्हणाली नव्हती. पण नव्या सुनेच्या नावावर घरातल्या बऱ्याच जणांच्या हौशी खपतात, हेही तिला कळून चुकलं होतं. फणेरपेटी तिला माहीत होती. तिच्या आजीची होती तशी, वेणीफणीची लाकडी पेटी. झाकणाला आतून आरसा, पोटात फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा.

"जावा की," तात्या म्हणाले. "बघा. पण तिथं कुणी कुंकू लावलं, तर उलट लावू नगा."

धाकटा दीर जोतिबा खो खो हसला. "म्युझियमात कुंकू कोण लावतंय तात्या? तिथं तिकीट देत्यात!"

काकींचा अडकित्ता थांबला. त्या हसल्या नाहीत. शालूने ते पाहिलं.

"तुझ्या काकीला इचार," तात्या म्हणाले. "बनूनं तिला सोताच्या तोंडानं सांगितलंय. मी काय पदरचं घालत न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

उंब्रजजवळच्या त्यांच्याच गावचा कृष्णात. पलटणीत होता. एकाहत्तर सालच्या वैशाखात त्याचं बनूशी लग्न झालं आणि हळद निघायच्या आत तो परत गेला. भाद्रपदात सुट्टीवर आला तेव्हा नवराबायकोने खरं तर एकमेकांचं तोंड पहिल्यांदाच धड पाहिलं. जोडीनं देवदर्शन राहिलं होतं. पितृपंधरवडा चालू होता, पण सुट्टी काही पंचांग बघून मिळत नाही. सासूने सांगितलं, "वाडीला जाऊन या. आन् येताना कुंकू आना. घट बसायला आल्यात, देवीला वाडीचं कुंकू लागतं."

एवढंच काम. नरसोबाच्या वाडीला जायचं, दर्शन घ्यायचं, कुंकवाची पुडी आणायची.

बनू हौसेने गेली. नदी पाहिली, पायऱ्यांवर बसून पेढे खाल्ले, कुंकवाची मोठी पुडी घेऊन पिशवीत घातली. परतीला सांगलीहून साताऱ्याची गाडी मिळाली. गाडीवर कंडक्टर तात्याच. गावचंच माणूस म्हणून त्यांनी दोघांना पुढची सीट दिली. तो शनिवार होता, सर्वपित्रीच्या आदला. दिवस कलायला लागलेला.

आष्ट्यात टायर बसलं. स्टेपनीतही हवा नव्हती. डायव्हर शिव्या देत चाक काढून घेऊन गेला. तात्या म्हणाले, "कृष्णात, पाय मोकळं करून या. त्या समोरच्या बोळात एका वकिलाचं म्युझियम हाय. बायकांच्या पेट्याबिट्या हायत म्हणं. सूनबाईला दाव."

"म्हंजी तुम्हीच धाडलं व्हय?" जोतिबाने विचारलं.

तात्यांचा हात दोरी ओढल्यासारखा वर गेला आणि खाली आला.

वकील म्हातारा होऊन वारलेला. घर, पेट्या आणि किल्ल्या सांभाळायला नाथाजी नावाचा एकटा माणूस. दोघांनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण इतकी जुनी लाकडं, इतकी कुंकवं म्हटल्यावर पाय आपोआप उघडे झाले. नाथाजी चिकट. एका खोलीत दिवा लावायचा, ती बघून झाली की मालवून पुढच्या खोलीत लावायचा. वर बजावायचा, "काचंला हात लावू नगा."

कपाटांमागून कपाटं. शिसवी पेट्या, पितळी पेट्या, मोराच्या, माशाच्या. कुणाच्या फणीत अजून केस अडकलेला. कृष्णातला चार पेट्यांत कंटाळा आला. पुरुषांना बायकांच्या वस्तूंचं कौतुक तेवढंच असतं. "तू बघ, मी बिडी वडून येतो," म्हणाला आणि बाहेर गेला. नाथाजीही काडेपेटी द्यायला त्याच्या मागं गेला.

बनू शेवटच्या खोलीत एकटी. दिवा अजून लावलेला नव्हता.

कपाटाच्या पायाशी एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. समोर एक उघडी पेटी. बनूला वाटलं, नाथाजीचं घरचं माणूस.

"कुण्या गावची गं?" बाईने विचारलं.

बनूने गाव सांगितलं.

"मालक?"

"पलटणीत हायत."

"माझंबी," बाई म्हणाली. "लांब गेल्यात. दर्यापल्याड."

बनूला बरं वाटलं. ह्या मुलखात घरटी एक पलटणीत. दोन बायका भेटल्या की बोलणं इथंच येऊन ठेपतं. ती टेकली. आता जायला हवं म्हणून उठायला लागली, तेव्हा बाई म्हणाली, "सवाशीण आलीस, तशीच जाऊ नगंस." तिने करंड्यात बोट घातलं आणि बनूच्या कपाळाला लावलं.

बोट गार होतं. आणि कोरडं.

सवाशिणीने कुंकू लावलं की उलट लावायचं. हे कुणी शिकवत नाही, हात आपला आपण जातो. करंड्यात बघावं तर तळाला नुसतं लाकूड. बनूने पिशवीतली पुडी सोडली. देवीचं कुंकू. चिमूट घेतली, बाईच्या पदराखाली हात नेला. कपाळ मोकळं होतं, नुसतं गोंदण. घामानं गेलं असेल, असं तिला वाटलं. तिने लावलं.

बाईने डोळे मिटले. पुष्कळ दिवसांच्या तहानेनं कुणी पाणी प्यावं, तसे.

"लय उपकार झालं गं बाई," ती म्हणाली.

बाहेर तात्यांनी हाक मारली. टायर आलं होतं.

गाडी सुटली. पेठनाका मागं पडला. कृष्णातने बायकोकडे वळून पाहिलं आणि दचकला.

"कुंकू का पुसलंस गं?"

"मी कुठं पुसलं? आत्ताच तर त्या बाईनं वर आणखी लावलं."

"कोन बाई?"

"नाथाजीच्या घरची."

कृष्णात हसला. पण थोडंच. बनूने पुडीतलं कुंकू घेतलं, गाडीच्या हिंदकळ्यात अंदाजाने लावलं. कृष्णातने काडी ओढून बघितलं आणि मान हलवली. आता हाय.

फाट्यावर ती दोघं उतरली तेव्हा चांगलीच रात्र झालेली. चतुर्दशीची रात्र, चंद्राचा पत्ता नाही. फाट्यापासून गावापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस. कृष्णात पुढं, बनू मागं.

ऊस वाजत होता. वारा नव्हता.

मग बनूला बांगड्या ऐकू आल्या. तिने हात छातीशी धरले. बांगड्या वाजतच राहिल्या. मागं.

"आवं…"

"काय?"

"काय न्हाई. चला."

ती चालली की बांगड्या चालायच्या. ती थांबली की…

कृष्णातला ऐकू येत नव्हतं. तो सुट्टीबद्दल बोलत होता. दिवाळीला परत येईन म्हणत होता. बनूने मागं पाहिलं नाही. मागं पाहायचं नसतं. तिने फक्त कपाळाला हात लावला.

बोट कोरडं.

पुन्हा लावलं. चार पावलं. पुन्हा बोट.

कोरडं…

घर आलं. दारात सासू कंदील घेऊन उभी होती. तिने आधी सुनेचं कपाळ पाहिलं, मग तोंड फिरवलं. हातात कागद होता. तार. सुट्टी रद्द. ताबडतोब हजर व्हा.

तात्या थांबले. कंदिलाची वात काकींनी थोडी मोठी केली.

"सकाळी गेला तो," तात्या म्हणाले. "त्याच्यामागनं त्या पोरीचं एकच काम. कुंकू लावायचं. खाली मेण लावायची, वर कुंकू दाबून भरायची. घटकाभरानं मेण तसंच… आन् कुंकू न्हाई. खाली सांडायचं म्हनाल, तर तसंबी न्हाई. देवीची पुडी संपली. घट बसलं, देवीला दुकानचं कुंकू आनलं. सासू बोलायची न्हाई तिच्याशी."

"मग ती आली माझ्याकडं," रंगूकाकी एकदम म्हणाल्या. "म्हनाली, भाऊजींना सांगा मला आष्ट्याला न्यायला. माझं मला परत आनायचंय."

तात्यांनी नेलं. दिवाळी झालेली, कृष्णात आलेला नव्हता. एक पत्र आलं होतं, त्यात नुसती खुशाली. बनू थेट शेवटच्या खोलीत गेली. नाथाजीने दिवा लावला. कपाटाला कुलूप, पेटी काचेच्या आत, झाकण उघडं, करंडा कोरडा. खाली कुणी बसलेलं नव्हतं.

"तुमच्या घरची बाई कुठाय?" तात्यांनी विचारलं.

"माझ्या घरची?" नाथाजी म्हणाला. "मी बिनलग्नाचा मानूस. हितं कोन बाई यील?" मग पेटीकडं बघून म्हणाला, "ही मेढ्याकडच्या एका बाईची हाय. हिचा नवरा पयल्या जर्मन लढाईला गेला, बोटीनं. पत्र न्हाई, तार न्हाई. मेला म्हनून सरकारबी सांगंना. घरच्यांनी वाट बघितली, मग दर्भाचा पुतळा करून दिवस घातलं. ही म्हनायची, त्यो मेला न्हाई, माझं कुंकू पुसू नगा. रोज सकाळी लावायची. रोज सकाळी घरची मानसं पुसायची. शेवटाला त्यांनी करंडाच धुऊन ठिवला."

बनू खाली बसली. जिथं ती बाई बसली होती, तिथंच. काचेकडं तोंड करून.

"दे माझं," ती म्हणाली.

तिने काचेला तळवा टेकवला.

"तुझा गेला त्यात माझा काय दोस? दे."

दुपार झाली. बनू उठेना. शेवटी तात्यांनीच हाताला धरून उठवलं. जाताना ती काचेशी वाकून एकच म्हणाली, तात्यांना ते नीट ऐकू आलं. "माझं कुंकू घिऊन तुझा परत आला असता, तरी मी काय बोलले नसते."

मार्गशीर्षात लढाई झाली. चौदा दिवसांत संपलीसुद्धा. पेढे वाटले गेले. कृष्णातचं नाव मेलेल्यांत नव्हतं, जखमींत नव्हतं, पकडलेल्यांत नव्हतं. पलटणीकडून कागद आला. बेपत्ता.

काकींनी कातरलेली सुपारी डब्यात भरली.

शालू मघापासून एकच गोष्ट धरून बसली होती. नव्या सुनेने मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घालू नये, हे तिला माहीत होतं. तरी ती म्हणालीच.

"तात्या, पण त्या बाईला जितेपणी कुणी एकदा कुंकू लावू दिलं असतं तर?"

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. जोतिबाने पाहिलं. हंबीररावाने जमिनीकडं पाहिलं. काकींनी मात्र सरकून शालूच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"आणि बनूबाई?" शालूने विचारलं. "आता कुठं असतात?"

"वाट बघितली तिनं," तात्या म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "सात वर्सं. रोज सकाळी लावायची. आता आपसूक जायचं न्हाई… घरची पुसायची. दिराचं लगीन निघालं तवा त्यांनी दर्भाचा पुतळा केला. दिवस घातलं. त्यानंतर तिनं अन्न सोडलं. गेल्या पावसाळ्यात गेली."

"उगी जास्त सांगू नगा," काकी म्हणाल्या.

"सांगतो. उद्या ही पोरं तिथं जानार हायती."

तात्या घोटभर पाणी प्याले.

"तिची फणेरपेटी घरच्यांनी इकली. कुनाला? त्याच म्युझियमला. मला कळलं तवा मी गेलो. मागल्या म्हयन्यात. नाथाजी थकलाय. तोच दिवा लावून मालवतो. शेवटच्या खोलीत… त्याच कपाटात… ती जुनी पेटी आन् ही. समोरासमोर ठिवल्याली. झाकनं उघडी. आरशाला आरसा."

"मग?" जोतिबाचा आवाज चिरकला.

"दोन्ही करंडं कोरडं. खडखडीत. कुलपावर गंज. नाथाजी म्हनला, ठिवल्यापास्नं कपाट उघडलं न्हाई."

थांबले.

"आन् दोन्ही आरशांवर… आतनं… एकेक कुंकू."

कंदील फुरफुरला.

"ओलं होतं."