कुंपण नसलेलं बेट

फार्लसे बेटावर कुंपण नाही, दारांना कुलपं नाहीत आणि पहारेकरी तर औषधालाही सापडणार नाही. तरी तिथले म्हातारे पळून जात नाहीत. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून सकाळी निघालेली बोट संध्याकाळी जिथे पोचते, अशा त्या एवढ्याशा खडकाळ बेटावर जगभरातली वाट विसरलेली माणसं आणून ठेवली आहेत. सकाळी ती बाहेर पडतात, गवतातून, दगडांतून, वाऱ्यातून मनमुराद हिंडतात आणि अंधार पडायच्या आत आपापल्या खोपटात परततात. कोणी अडवत नाही, हाक मारत नाही. त्यांच्या पोटच्या पोरांनी इथे नंबर लागावा म्हणून कितीतरी वर्षं वाट पाहिलेली असते, आणि लागला की ती सुटकेचा नि:श्वास टाकून पेढे वाटतात.

साताऱ्याच्या मिलिंद बेंद्र्यांचा नंबर त्यांच्या लेकीने, सानिकाने लावला होता. ती ॲबर्डीनला पवनचक्क्यांच्या कंपनीत होती. मिलिंदरावांची उभी हयात पाटबंधारे खात्यात, कालव्यांच्या कडेने चालण्यात गेली. स्मृती गेली, पण पायांनी तेवढं बरोबर लक्षात ठेवलं. दार उघडं सापडलं की स्वारी निघालीच. एकदा कोरेगावच्या पुढे सापडले, एकदा पार लोणंदला आणि शेवटच्या खेपेला गळ्याइतक्या पाण्यात. त्यानंतर त्यांच्या बायकोने, शलाकाबाईंनी, नाइलाजाने होकार दिला.

नवरा बेटावर गेल्यावर मात्र त्यांना घर खायला उठलं. हिवाळा कसाबसा काढून त्या बेटावर आल्या त्या मनाशी ठरवूनच. लेकीला त्यांनी बोटीतच सांगून टाकलं, "त्यांचे तिथे हाल होत असतील तर मी त्यांना घेऊन जाणार. आणि सुखात असतील तर मीच तिथे राहणार. भांडी घासीन, पण त्यांच्याजवळ राहीन. तू मध्ये पडू नकोस."

धक्क्यावर डॉ. इशबेल मन्रो त्यांना घ्यायला आल्या. बाईंचं इंग्रजी बेताचं, डॉक्टरांचं मराठी शून्य. म्हणून दोघींनी कानात दुभाषी यंत्र घातलं होतं. ते यंत्र मराठी बहुधा सरकारी परिपत्रकांतून शिकलं असावं.

"या टेकड्यांवर पूर्वी मेंढ्या होत्या," डॉक्टर म्हणाल्या. "कुंपण नव्हते. तरीही प्रत्येक कळप आपल्याच उतारावर चरत असे. पलीकडे हिरवेगार गवत असले तरी जात नसे."

"आमच्याकडे धनगरांच्या मेंढ्या गावोगाव हिंडतात," शलाकाबाई म्हणाल्या.

"त्यांना माणूस हिंडवतो. येथे जमीन धरून ठेवते. यास आम्ही भूबंध म्हणतो."

मेंढीला जमीन धरून ठेवते हे इथल्या मेंढपाळांना कधीपासून माहीत होतं. डॉ. मन्रोंनी ते कशाने होतं हे शोधलं होतं. मेंढी कोकराला चाटते तेव्हा तिच्या लाळेतून एक सूक्ष्म प्रथिन त्याच्या अंगात जातं आणि मेंदूत पोचतं. मेंदूत जागा लक्षात ठेवणारा एक भाग असतो आणि जीव लावणारा दुसरा. हे प्रथिन त्या दोघांना एकमेकांशी जोडून टाकतं. मग पुढचे काही दिवस पायाखाली जी जमीन असेल, नाकात जो वास असेल, तेच घर. त्या हद्दीत जीव शांत असतो. बाहेर पाऊल पडलं की मरणाची भीती. बेटावर आणलेल्या प्रत्येक रुग्णाला तेच प्रथिन टोचलं जाई.

"म्हणजे सिमेंटसारखं," शलाकाबाई म्हणाल्या. इंजिनिअरच्या बायकोला ते लगेच कळलं. "ओलं आहे तोवर ठसा उमटतो."

"अगदी योग्य. आणि एकदा घट्ट झाले की नवा ठसा उमटत नाही. आता सूचना. रुग्णाच्या लाळेत हे प्रथिन अल्प प्रमाणात असते. निरोगी मेंदूत ते रुजत नसावे, परंतु सावध राहावे. कृपया पतीचे चुंबन घेऊ नये."

सानिका लाजून समुद्राकडे बघायला लागली. शलाकाबाई खळखळून हसल्या. "अहो, काहीतरीच काय! एवढ्या संसारात चारचौघांत त्यांचा हात धरला नाही मी."

डॉक्टर निश्चिंत झाल्या. त्यांच्या देशात नवराबायकोत लाळ जायची जी वाट होती, ती त्यांनी बंद केली होती.

रुग्णांची खोपटं बेटाच्या उत्तर अंगाला, टेकडीपलीकडे होती. मिलिंदराव उन्हात दगडावर बसले होते. गाल भरलेले, डोळे स्वच्छ. बायकोला त्यांनी ओळखलं नाही, पण नमस्कार केला आणि तिला आपला ओढा दाखवला, आपला उतार दाखवला, एखाद्या वतनदाराने दाखवावा तसा. शलाकाबाईंना रडू आलं आणि बरंही वाटलं. माणूस सुखात होता. म्हणजे ठरलं, आता इथेच राहायचं.

दुपारी त्या त्यांच्याजवळ जेवायला बसल्या. मिलिंदरावांनी निम्मा मासा, निम्मे बटाटे खाल्ले आणि ताट सारून ते ओढ्याकडे चालू लागले. शलाकाबाईंनी ते ताट पुढे ओढलं आणि त्याच चमच्याने उरलेलं सगळं संपवलं. अन्न टाकायचं कसं? नवऱ्याच्या पानात उरलेलं त्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवसापासून संपवत आल्या होत्या. त्यात प्रेम होतं की काटकसर, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. सानिका समोरच बसली होती, आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. लहानपणापासून तिने आईला असंच जेवताना पाहिलं होतं.

त्याच संध्याकाळी वादळ आलं. पाहुण्यांचं घर दक्षिणेला, धक्क्याजवळ होतं. टेकडीवरची वाट बंद झाली, बोटीही बंद. मायलेकी आठवडाभराहून अधिक त्या घरात अडकून पडल्या. शलाकाबाई दिवसभर खिडकीशी बसत, पाऊस जरा उघडला की अंगणात आणि धक्क्यावर फेऱ्या मारत. इथे लाकडाऐवजी शेगडीत जाळतात त्या दलदलीतल्या वाळक्या मातीच्या ढेकळांचा धूर पहिल्या दिवशी त्यांना सोसत नव्हता. नंतर तो आवडायला लागला. "सुरेख जागा आहे गं," एक दिवस त्या म्हणाल्या. सानिकाला वाटलं, चला, आईचं मन रमलं.

ऊन पडलं त्या सकाळी दोघी टेकडीकडे निघाल्या. परसामागे एक जुना दगडी बांध होता, जेमतेम गुडघाभर. शलाकाबाईंनी तो ओलांडायला पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. अंगाला दरदरून घाम फुटला. त्या मटकन खाली बसल्या आणि हातांनी गवत घट्ट धरून मागे सरकू लागल्या.

"सानू, मला नाही जमत. पुढे काहीतरी आहे."

"काही नाहीये गं आई. वाट आहे नुसती."

डॉ. मन्रो धावत आल्या. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि एकेक प्रश्न विचारत त्या दुपारच्या उष्ट्या ताटापाशी पोचल्या. त्यांचा चेहरा आधी पांढराफटक पडला. मग गालांवर हळूहळू लाली चढली. निरोगी मेंदूत भूबंध रुजतो, तोही माणसाकडून माणसाला! आयुष्यभर केलेल्या कामाला आज फळ आलं होतं, आणि ते गवतावर बसून रडत होतं.

"यावर उपाय काय?" सानिकाने विचारलं.

"उपाय नाही. एका रुग्णास त्याच्या मुलांनी बळजबरीने घरी नेले होते. तो बेटाच्या दिशेने तोंड करून बसला आणि उपाशी मेला."

"मग बाबांना इकडे आणा."

"त्यांचा ठसा तिकडे घट्ट झाला आहे. येथे त्यांना तीच भीती वाटेल. कृपया धीर धरावा. दोघेही एकाच बेटावर आहेत."

शलाकाबाईंनी डोळे पुसले. "डॉक्टर, खरं सांगा. मी पण त्यांना विसरणार का?"

"नाही. तुमची स्मृती उत्तम राहील. परंतु मेंदूत जीव लावणारी जागा एकच असते. मूल, पती, घर, सर्व तेथेच दाटीने राहतात. भूबंध येतो तेव्हा ऐसपैस बसतो. इतरांना सरकावे लागते."

शलाकाबाईंनी लेकीचा हात धरला. "सानू, ऐक. एकदाच, एका तासासाठी का होईना, त्यांना इकडे आण. मला त्यांचा हात धरून बसायचंय. माझं हे सगळं सरकायच्या आत. शब्द दे मला."

सानिकाने शब्द दिला आणि तो पाळण्यासाठी जीव काढला. केंद्राने नकार दिला, तिने पुन्हा अर्ज केला. भीती दाबायला मिलिंदरावांना गुंगीचं जबर औषध द्यावं लागणार होतं, आणि त्यांच्या हृदयाला ते झेपेल याची खात्री कोणी देईना. बाबांचा जीव धोक्यात घालून आईचं एक मागणं पुरवायचं का, हा प्रश्न तिने स्वतःला हजारदा विचारला. शेवटी परवानगी आली तेव्हा पुन्हा वसंत ऋतू आला होता.

उत्तरेच्या खाडीतून वळसा घालून बोट धक्क्याला लागली. औषध देऊनही मिलिंदराव थरथरत होते. "घरी, घरी" एवढंच पुटपुटत होते. ओठ निळे पडले होते. सानिकाने त्यांना खांद्याचा आधार देऊन उतरवलं.

शलाकाबाई अंगणात उभ्या होत्या. चेहरा वाऱ्याने लाल, तकतकीत, दहा वर्षांनी तरुण झालेला.

"आई, बाबांना आणलंय गं."

"दिसतंय की."

"ओळखलंस ना?"

"न ओळखायला काय झालं? चालण्यावरून ओळखते मी यांना. डाव्या गुडघ्याने डोकं वर काढलंय पुन्हा. बसव त्यांना. पण बोटीतच बसव."

"आई, तूच म्हणाली होतीस, हात धरून बसायचंय म्हणून."

"म्हणाले होते ना. सगळं आठवतंय मला. लग्नात ह्यांनी घास देताना माझ्या शालूवर आमटी सांडली तेसुद्धा आठवतंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. "पण ते तिकडचे आहेत गं. इथे कशाला आणलंस त्यांना?"

मिलिंदरावांचा तोल गेला आणि त्यांचं पाऊल धक्क्यावरून गवतावर पडलं. शलाकाबाई झपकन पुढे आल्या. त्यांनी दोन्ही तळवे नवऱ्याच्या छातीवर टेकवले आणि अंगणात शिरलेल्या गुराला हुसकावं तसं त्यांना मागे रेटलं. ते धक्क्याच्या फळ्यांवर कोसळले आणि लहान मुलासारखे मोठ्याने रडू लागले. बोटीजवळ उभ्या असलेल्या डॉ. मन्रो लक्षपूर्वक पाहत होत्या.

सानिकाने वडलांना कसंबसं उठवून कवेत घेतलं. शलाकाबाईंनी खाली वाकून, दबलेलं गवत बोटांनी हलकेच सरळ केलं. मग मान वर करून त्यांनी लेकीकडे पाहिलं. पाहताना कपाळाला बारीकशी आठी पडली.

"सानू," त्यांनी विचारलं, "बोट कधी सुटते तुमची?"