सॅक्सोफोनसाठी कौल

इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्या थांबवून बघतात. कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी प्रत्येकजण चेहरा असा करतो की बाटली म्हणजे आपल्याला फक्त पाण्याची माहीत. त्या दुपारी माझ्या स्कूटरपुढे एक मोटरसायकल होती. तिच्यावर उंच, सावळा, जरा वैतागलेला एक तरुण, आणि त्याच्या पाठीला चादरीत बांधलेलं एक वाकडंतिकडं बोचकं.

"यात काय आहे?" शिपायाने विचारलं.

"सॅक्सोफोन."

शिपायाने चादर सोडायला लावली, आत टॉर्च मारला, नाक घालून वास घेतला. तरी त्याची खात्री पटेना. "वाजवून दाखवा बघू."

तरुणाने वाजवला. खोटं कशाला सांगू — विजेच्या तारेवरचे कावळे उडाले, मागच्या टेम्पोतल्या कोंबड्या कलकलाट करायला लागल्या आणि शिपाई मागे सरकत म्हणाला, "जा, जा तुम्ही."

मी मात्र स्कूटर बंद करून तशीच बसून राहिले. कारण त्या भयंकर आवाजाच्या तळाशी... अगदी तळाशी, एक सूर होता. जाड, उबदार, जुना. हल्लीच्या पितळेतून तसला सूर निघत नाही.

पुढच्या चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं.

"तुमचो खालचो पॅड गळता," मी म्हटलं.

"काय गळता?"

"पॅड. भोकावरचा चामड्याचा झाकण. वारो भायर जाता, म्हणान तो असो रडता."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मोठे, शांत डोळे होते त्याचे. "रडता नाय तो," तो म्हणाला. "तां गाणां होता. वरातीतला."

"मगे नवरो पळान गेलो असतलो."

तो इतक्या मोकळेपणाने हसला की टपरीवाल्याने न मागता दोन चहा पुढे केले.

मी रसिका. मालवणात वडिलांचं बर्फाचं गोदाम बंद पडलं, तिथे माझं वर्कशॉप आहे. मी जुने सॅक्सोफोन विकत घेते. बांद्यापासून वैभववाडीपर्यंत गावोगावच्या बँडपार्ट्या डीजेने गिळल्या, पण त्यांची वाद्यं माळ्यावर, पलंगाखाली, कुठे कुठे कोंबड्यांच्या खुराड्यावर अजून पडलेली असतात. मी ती शोधते, उघडते, पोचे काढते, पॅड-स्प्रिंगा बदलते आणि ज्याला खरंच वाजवायचं आहे अशा माणसाला देते. धंद्यात मी दोन गोष्टी पाळते. माल कितीही आवडला तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. आणि दुसऱ्याचं वाद्य दुरुस्तीला घ्यायचं नाही. आपण जीव ओतायचा आणि लोकांनी ते परत नेऊन खुराड्यावर ठेवायचं, हे मला सोसत नाही.

चेहरा कोरा ठेवून मी त्याचा सॅक्सोफोन हातात घेतला. आत मोबाइलचा उजेड पाडला, मग उलटा करून हलवला. कर्ण्यातून अक्षता पडल्या. पिवळ्या, लाल, काळ्या पडलेल्या... गावातल्या निम्म्या लग्नांच्या अक्षता त्या पितळेच्या पोटात होत्या. कर्ण्यावर पॅरिसच्या कंपनीचं नाव आणि हाताने कोरलेली वेल होती, पण पार पुसट झालेली.

"ह्यां कोणी घासल्यान?"

"आयेन. दरवर्षी दसऱ्याक पूजेआधी घासता. समयांबरोबर. कोकमाचा सोल आणि रांगोळी."

मी चहाचा घोट गिळला. पॅरिसमध्ये कुणा कारागिराने नव्वदेक वर्षांपूर्वी कोरलेली वेल, आणि ह्यांनी तिला दरवर्षी सोलकढी पाजली.

"विकतास?" मी अगदी कंटाळलेल्या आवाजात विचारलं.

"नाय. दुरुस्त करून देतास?"

"मी दुसऱ्याचो दुरुस्त करणंय नाय. विकत घेतंय, माझो करतंय, मगे हात लावतंय."

"म्हणजे आधी तुमचो होवक व्हयो."

"व्हय."

तो नुसता बघत राहिला. मी चहात काय पडलंय ते शोधायला लागले.

त्याचं नाव धनेश. इन्सुलीतच घराला लागून काजूगर काढायचा छोटा कारखाना आहे त्याचा. सॅक्सोफोन त्याच्या बाबूआज्याचा. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेले ती सॅक्सोफोनसाठी. त्याच्या पुढच्या आठवड्यातही सॅक्सोफोनसाठीच. नंतर नंतर मात्र स्कूटर बांद्याकडे निघाली की इन्सुलीलाच वळायची, आणि धनेशची आई, तुळसाकाकी, मला लांबून बघून चुलीवर तवा चढवायची.

"ने गो बाय तां भांडा," काकी मला घावन वाढत म्हणायची. "हो वाजवूक लागलो की म्हस पान्हवणा नाय. दोन दिवस चाय कोरी."

"आये, मी शिकतंय अजून."

"तू शीक रे. म्हशीन कित्याक शिकूचा?"

काकी माझ्या बाजूची, म्हस माझ्या बाजूची, नन्नाचा पाढा एकटा धनेशचा. तो नाही म्हणायचा, पण असा हळू की आणखी थोडं बसावंसं वाटायचं. एकदा कारखान्याच्या पडवीत काजू निवडता निवडता त्याने विचारलं, "बाजारात नवे मिळतत. तुमी हे जुनेच कित्याक शोधतास?"

मला हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात आणि मी पितळेची जाडी वगैरे काहीतरी सांगते. त्याला तसं सांगवेना. त्याची बोटं काजूच्या चिकाने काळवंडली होती, सालं निघाली होती, आणि तरी तो एकेक गर इतक्या हलक्या हाताने उचलत होता...

"नवो घेतलो की तेका तुमी शिकवूक व्हया," मी म्हटलं. "जुन्याक आधीच कोणीतरी शिकवलेला आसता. बटनांवर बसवलेली शिंपली झिजलेली आसतत, आपली बोटां आपसूक थंय जातत. कोण होतो, खंय वाजवल्यान, काय म्हायत नाय. पण तो हात धरता आपलो. माका तां आवाडता."

"माझो पण धरता," धनेश म्हणाला. "आजो जत्रेक पालखीम्होरे वाजवी. तो गेल्यापासून पालखी नुसत्या ढोलावर चलता. ह्या वर्षी माका वाजवूचा आसा."

"ह्या आवाजान? देव पालखीतून उतारतलो."

"म्हणान तर म्हणतंय, दुरुस्त करा."

"म्हणान तर म्हणतंय, विका."

पडवीबाहेर पावसाची एक सर येऊन गेली आणि ओल्या मातीबरोबर भाजलेल्या काजूचा वास आत आला. मला त्या क्षणी तो सॅक्सोफोन हवाच होता, यात शंका नाही. फक्त तेवढंच हवं होतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही. धंद्यात असले प्रश्न विचारत नाहीत.

शेवटी दसरा तोंडावर आला आणि काकीने कोकमाची सोलं भिजत घातल्याचं मला दिसलं. माझा धीर सुटला. "आज काय तां एकदा सांग," मी धनेशला म्हटलं. म्हटलं आणि मग लक्षात आलं की मी त्याला 'तू' म्हटलंय.

त्याच्याही लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले. "माका इचारू नको," तो म्हणाला, "पालखीम्होरचो तो. देवाचो पण हक्क आसा. देवाक इचार... तू."

आता कौल म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी लगेच कबूल झाले. बड्या बड्या बँडमास्तरांना मी वाटाघाटीत गुंडाळलंय, देव काय त्याहून अवघड असणार, असा माझा समज.

देवळात भाई गुरव, धनेश, काकी, मी, आणि सॅक्सोफोनचा कौल कसा असतो ते बघायला आलेली म्हातारी मंडळी. सॅक्सोफोन सभामंडपात चटईवर ठेवला होता. भाईंनी पाकळ्या लावल्या, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज ह्या तुझा लेकरू धनेश आणि ह्या मालवणचा चेडू रसिका तुझ्या पायाशी इलेसत..."

"व्हय म्हाराजा."

"जां काय पितळेचा वाकडातिकडा वाजप बाबूआज्यान तुझ्या पालखीम्होरे वाजवल्यान, तां ह्या चेडवाच्या हवाली करूचा काय नाय करूचा, तां तूच सांग रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आणि आम्ही बघत बसलो.

पाकळ्या काही हलेनात. दुपार कलली. हवा दमट, पाकळ्या ओल्या, त्या कशाला पडतात. म्हाताऱ्यांनी पानं लावली. काकी खांबाला टेकून पेंगायला लागली. मी आणि धनेश मंडपाच्या पायरीवर बसलो होतो, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"उजवी पडली तर?" त्याने हळूच विचारलं.

"मी घेऊन जातलंय."

"आणि डावी?"

"तशीच जातलंय."

"म्हणजे जातलंसच."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. उजवी पडो की डावी, माझं इन्सुलीला येणं आज संपणार होतं. पुन्हा त्या पडवीत बसायला मला निमित्त उरणार नव्हतं. इतका वेळ मी उजव्या पाकळीकडे डोळे लावले होते. आता दोन्ही पाकळ्यांकडे बघून मनात म्हणत होते, पडू नका गं बायांनो, चिकटून राहा.

"पडूक नको," धनेश पुटपुटला. मला की पाकळीला, कळलं नाही.

शेवटी भाईंनी घसा खाकरला. "देव बोलणा नाय. म्हणजे प्रश्न चुकलो. इचारणाऱ्याच्या पोटात एक आणि ओठात एक आसला की देव गप ऱ्हवता. काय खरा आसा तां सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माझा धंद्याचा कोरा चेहरा शोधत होते. तो नेमका त्याच वेळी सापडेना.

"माका सॅक्सोफोन व्हयो," मी म्हटलं.

"तां देवान आयकल्यान. आणखी?"

"आणखी काय नाय."

पाकळ्या जागच्या जागी. पान चघळणारा एक म्हातारा त्यांच्याकडे बघून म्हणाला, "आणखी आसा."

"आसा, आसा," काकी डोळे न उघडता म्हणाली.

तेवढ्यात धनेश उठला. गाभाऱ्यापुढे जाऊन त्याने हात जोडले. त्याची पाठ आमच्याकडे होती, पण मानेपर्यंतची लाली लपत नव्हती.

"देवा म्हाराजा," तो म्हणाला, "सॅक्सोफोन गेलो तरी चलात. मी पालखीम्होरे टाळ वाजवीन. पण... ह्या चेडू येवचा थांबला तर माका चलाचा नाय."

म्हाताऱ्यांचं पान चघळणंसुद्धा थांबलं. मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही आला, कारण आजोबांचा सॅक्सोफोन असा सहज सोडून द्यायचा असतो का? मी ताडकन उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"तेचा आयकू नको, देवा," मी म्हटलं. "टाळ कसले वाजवतलो? सॅक्सोफोन तेचोच आसा, तोच वाजवतलो. मी दुरुस्त करून देतंय. तेचो म्हणान... तेचोच म्हणान देतंय. आणि माका पण... माका पण येवचा थांबवूचा नाय."

चाळवायला पदरही नव्हता, बोलता बोलता हात कुठे ठेवावा ते कळेना. धनेशने तो धरला. खरखरीत, सालं निघालेली बोटं... आणि पितळेवर ज्या काळजीने ठेवावीत तशी ठेवलेली.

उजवी पाकळी पडली.

भाईंनी वाकून पाहिलं, दोनदा पाहिलं. मग मंडपात वाद सुरू झाला. देवाने होय म्हटलं ते कशाला? वाजप चेडवाला द्यायला, की चेडवाला घरात आणायला?

"दोन वेगळे प्रश्न आसत," एक म्हातारा म्हणाला. "परत लावा."

"माका तरी वेगळे दिसनत नाय," भाई म्हणाले.

"माका पण," काकी म्हणाली. ती आता टक्क जागी होती. "आणि परत बसाक माका येळ नाय. थंय सोलां भिजान पडलीहत."

"काकी, सॅक्सोफोनाक सोल लावूचा नाय," मी घाईने म्हटलं.

"बघलास?" काकी म्हाताऱ्यांना म्हणाली. "घरात पाय ठेवच्या आधी सासयेक सांगाक लागला." पण तिने पदराने डोळे पुसले ते मी पाहिलं.

भाईंनी पुन्हा हात जोडले. धनेशने माझा हात सोडला नव्हता, त्यामुळे आम्हाला काही ते जोडता आले नाहीत.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"ह्या दोघांच्या पोटात जां होता तां त्यांनी तुझ्यासमोर ओठार आणलानी. आता ह्यां चेडू ह्या घरात सुखान नांदांदे, आणि ह्या वर्षाच्या जत्रेक तुझी पालखी वाजतगाजत भायर पडांदे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. काकी जरा जास्तच जोरात.

मग ते थांबले. एक आवाज कमी पडला होता. भाई, काकी, म्हातारे, सगळे माझ्याकडे वळले. धनेश मात्र वळला नाही. तो खाली पडलेल्या त्या एवढ्याशा पाकळीकडे श्वास रोखून बघत होता.

"व्हय म्हाराजा," मी एकटीच म्हणाले, आणि कलत्या दुपारच्या त्या देवळात माझा आवाज जरा मोठाच निघाला.