भविष्यातील संधींसाठी

‘लाघव’ ही संगणकप्रणाली बाजारात आली गेल्या दिवाळीत, आणि होळीच्या सुमाराला जाहिरात झळकली: ‘लाघव’चा पंधरा वर्षांचा अनुभव हवा, वय तिशीच्या आत, नवशिक्यांना प्राधान्य. नाशिकच्या शलाका दुसानेने ती वाचली आणि चहा संपायच्या आत अर्ज केला. तिला त्यात वावगं काही दिसलं नाही.

आपल्या आजोबांच्या काळीही असल्या जाहिराती येत. लोक हसत आणि सोडून देत, कारण दिवाळी ते होळी एवढ्यात पंधरा वर्षं कोणालाच कोंबता येत नव्हती. विज्ञानाचं हेच वाईट आहे. एखादी मूर्ख मागणी पुरेशा चिकाटीने करत राहिलं, की कधीतरी ते ती पुरी करतं.

पुरी केली ती ‘प्रतिमन’ नावाच्या यंत्राने. उमेदवाराच्या डोक्यावर टोप चढवायचा, मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा उतरवायचा आणि तो यंत्रात चालू करायचा. की झाली मनाची नक्कल तयार: तीच हुशारी, तेच हट्ट, त्याच आठवणी. मेंदूत निरोप मज्जातंतूंतून रखडत जातात, यंत्रात विजेसारखे पळतात. म्हणून बाहेर आठवडा सरतो तेव्हा आत वर्ष उलटतं. अनुभव नकलेने घ्यायचा, पगार माणसाने. व्यवहार सर्वांना पसंत होता. नकलेला कोणी विचारलं नव्हतं.

शलाका दीड वर्ष घरी बसून होती. पाडव्यापर्यंत नोकरी लागली नाही तर शहाद्याला मामाच्या क्लासमध्ये जाऊन फोन उचलायचे, असं आईने ठरवून टाकलं होतं. मामाला आनंद झाला होता. शलाकाला त्या आनंदाचीच धास्ती होती.

‘अष्टावधान’ कंपनीच्या मुलाखतीच्या खोलीत एक टेबल, एक ध्वनिक्षेपक आणि कोपऱ्यात डॉ. तेंबे एवढंच होतं. प्रतिमनाचं यंत्र तेंब्यांनी घडवलेलं. आता ते मुलाखतप्रमुखांचा आवाज चालू-बंद करायचं काम करीत आणि मधल्या वेळात शब्दकोडं सोडवीत.

‘लाघव’वर एक प्रश्न झाला. शलाकाने उत्तर दिलं.

“आई-वडील?” ध्वनिक्षेपकातून एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजाने विचारलं.

“वडील नाहीत. आई आहे.”

“आई आहे?”

“आहे म्हणजे… आहे. चांगली ठणठणीत आहे.”

“बरं. लग्न?”

“नाही झालं.”

“करायचं नाही की जमत नाही?”

“मॅडम, याचा ‘लाघव’शी काय संबंध?”

“स्वयंपाक शिकलीस की अजून नुसती खिचडीच? आईच्या गुडघ्यांना तेल चोळतेस का रोज?”

मागच्या एका मुलाखतीत शलाकाला पत्रिका मागितली होती. तीही तिने मुकाट्याने दिली होती. पण गुडघे म्हणजे फारच झालं.

“आणि गच्चीवरचा शेवगा? पिंपात लावलेला. जगला का?”

शलाका तेंब्यांकडे वळली. “सर, शेवगा यांना कसा माहीत?”

तेंब्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “तुम्ही दीड वर्षापूर्वी इथे अर्ज केला होता ना?”

“केला होता. नाही म्हणालात तुम्ही.”

“तेव्हा अर्जाबरोबरच टोप चढवायचो. लोकांनी ओरड केली, म्हणून आता निवड झाल्यावर चढवतो. तर नकाराच्या पत्रात आपण काय लिहितो? ‘आपली माहिती भविष्यातील संधींसाठी जपून ठेवत आहोत.’”

“ते तर सगळेच लिहितात. रीत म्हणून.”

“आम्ही जपून ठेवली,” तेंबे म्हणाले. “बंद डब्यात नाही हो. चालू ठेवली. हुशार होती, कामाला लागली, वर चढत गेली. आज मुलाखतप्रमुख आहे.”

शलाकाने मनात हिशेब केला. आठवड्याला एक वर्ष. ध्वनिक्षेपकातली शलाका शंभरी गाठायला आली होती.

“आणि हे घरातले प्रश्न?”

“सगळ्यांनाच विचारते. फार तक्रारी येतात,” तेंबे ओशाळून म्हणाले. “पण तिला तिथे खिडकी नाही. बाहेरचा माणूस भेटतो तो मुलाखतीतच. घरी कोण कोण असतं, भाजी काय केली होती, एवढ्यावरच ती दिवस काढते. आज तर साक्षात तिचंच घर समोर आलं.”

दीड वर्षाची बेकारी माणसाला व्यवहारी करते, आणि मामाचा क्लास डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ती टेबलावर वाकली.

“शेवगा जगला,” ती म्हणाली. “परवा पहिल्या शेंगा काढल्या. आईने आमटी केली. सगळ्या जिन्याला वाटून आली.”

“सगळे हसले होते तिला,” आवाज म्हणाला. “पिंपात शेवगा लावतात का म्हणून.”

“आता मागायला येतात.”

म्हातारी हसली. हसताना शेवटी श्वास आत ओढायची शलाकाची खोड होती. ती तशीच ऐकू आली.

“हे बघ,” शलाका म्हणाली, “तू म्हणजे मीच ना? मग मला घे. वशिला लाव की जरा.”

“घेतलं तर हे टोप चढवतील.”

“चढवू देत. राबायचं तर नकलेनेच आहे.” बोलून झाल्यावर तिने जीभ चावली.

“मीही असंच म्हणाले होते,” आवाज म्हणाला. “टोप डोक्यावर असताना. संध्याकाळी घरी जायचं म्हणून आईला वांगी आणून ठेवायला सांगितली होती.”

तेंबे उगाचच चष्मा पुसू लागले.

“डॉक्टर, लिहा. दुसाने, शलाका. अनुभव अपुरा. नकार.”

“अगं, वशिला लाव म्हटलं ना मी!”

“तोच लावतेय,” आवाज म्हणाला. “जा आता. तेल कोमट करून चोळ. गार चोळतेस तू.”

घरी आईने दारातच विचारलं, “काय गं, काय काय विचारलं?”

“तुझे गुडघे कसे आहेत ते. आणि शेवग्याला शेंगा आल्या का ते. शेवटी नाही म्हणाले.”

“अगोबाई, इतकी आपुलकी? मग ‘नाही’ का म्हणाले? चांगली माणसं दिसतात. आपण त्यांना शेंगा पाठवू या.”

तेवढ्यात फोनवर नकाराचं पत्र आलं. शेवटची ओळ तीच होती: भविष्यातील संधींसाठी जपून ठेवत आहोत.

तिला दीड वर्षापूर्वीचे ते महिने आठवले. नाशिक, पुणे, हैदराबाद. जिथे जागा दिसली तिथे ती टोप चढवून आली होती. प्रत्येकाने नकार दिला होता. प्रत्येकाने ही एवढीच ओळ लिहिली होती, आणि किती सभ्य लोक आहेत, असं तिला वाटलं होतं.

“शलाका,” आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, “पानं घेतलीत. येतेस ना?”

‘आले’ म्हणायला तिने तोंड उघडलं. पण कितीजणींच्या वतीने म्हणायचं, ते तिला कळेना.