घाऱ्या डोळ्याची जोड

डोळ्यांमधलं मला जेवढं कळतं, तेवढं पनवेलातल्या एकाही डॉक्टरला कळत नाही. सातवीत मी दोनदा नापास झालो तो फळा दिसत नव्हता म्हणून, आणि ही गोष्ट मला शाळा सुटल्यावर कळली. तेव्हा माझं राहू द्या. शिवाचं ऐका.

शिवा म्हणजे वडाळे तळ्याच्या अंगाला ज्याचा गणपतीचा कारखाना होता तो. कारखाना म्हणायचा आपला, होती पत्र्याची शेड. माती मळायला माणसं होती, अंगाला रंग मारायला होती, पण डोळे आखायला बसायचा एकटा शिवा. त्याने आखलेला गणपती असा बघायचा की गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं. माणूस मात्र अव्वल वात्रट. ओल्या रंगाचा हात हळूच कोणाच्या पाठीवर टेकवायचा, आणि तो बिचारा पाठीवर गुलाबी पंजा घेऊन सगळा बाजार फिरून यायचा. यांना यमाने नेलं तर तोच कंटाळून परत आणून सोडील, असं त्याची बायको हौसा शेजारणींना सांगायची.

त्या धंद्यात एक रीत आहे. मूर्तीचे दोन्ही डोळे एका बैठकीत आखायचे. एक आखून दुसरा उद्यावर टाकायचा नाही, मग घराला आग लागो. शिवाचा बाप काशिराम म्हणायचा की एकटा राहिलेला डोळा जोड शोधायला निघतो. शिवा विचारायचा, कुठली एसटी पकडून?

ब्याण्णव-त्र्याण्णवचा आषाढ असेल. नव्या पनवेलातून, त्या सिडकोच्या बिल्डिंगांमधून, अरुंधतीबाई म्हणून एक बाई कारखान्यात आल्या. पुण्याकडच्या, नवरा बँकेत. सोबत मुलगी चारुता, कॉलेजात जाणारी. पोरगी तरतरीत. उजवा डोळा छान घारा, डावा तपकिरी. डावा फटाक्याने गेला होता आणि त्या जागी बसवलेला नकली होता. मुंबईत डोळे बसवून देणारा जो माणूस होता, त्याच्याकडे रंग दोनच, काळा नाहीतर तपकिरी. त्यामुळे पोरीशी बोलताना माणसं एकदा या डोळ्याकडे, एकदा त्या डोळ्याकडे बघायची आणि काय बोलत होतो तेच विसरायची. बाईंनी त्याच माणसाकडून एक कोरा डोळा करून आणला होता, शिंपल्यासारखा खोलगट, पांढराफेक. बुबुळ शिवाने रंगवायचं, वरची काचेसारखी चकाकी तो मुंबईवाला चढवणार.

शिवाने पोरीला उजेडात बसवलं. घारा डोळा इतक्या जवळून त्याने जन्मात पाहिला नव्हता. लांबून हिरवट, जवळून राखी, बाहुलीभोवती मधासारखी पिवळी झाक आणि काठाला गडद रेघ. ढग आला की सगळंच बदलायचं. तीनदा खरवडलं, चौथ्यांदा जमलं. पोरीने आरशाशेजारी धरून पाहिला आणि म्हणाली, हा तर माझ्या खऱ्यापेक्षा जास्त माझा दिसतोय. शिवाची छाती अशी फुगली की हौसाला आत चहा टाकता टाकता कळलं.

मायलेकी गेल्यावर हौसा दाराशी येऊन उभी राहिली.

"एकच आखलात?"

"तिचा एकच गेलाय. दोन आखून काय कपाळावर लावू?"

"बिनजोडीचा डोला ठेवायचा नाय, मामंजी म्हनायचे. कागदावर तरी काढा."

झालं, शिवाच्या अंगात आलं. ब्रशाच्या टोकाला घारा रंग राहिला होता, तो त्याने आपल्या डाव्या पापणीवर टेकवला. म्हणाला, "घे. ही त्याची जोड. लग्न लागलं."

हौसा हसली नाही. पुढे होऊन तिने पदराने त्याची पापणी पुसली. पापणी स्वच्छ झाली. पदराला मात्र रंग लागला नव्हता. तिने पदर उलटून पाहिला, उजेडात धरून पाहिला... आणि आत गेली.

श्रावण लागला तेव्हा दाढी करताना शिवाला पहिल्यांदा दिसलं. डाव्या डोळ्याच्या काळ्याचा काठ फिकट झाला होता. आरसा पुसला, तरी तसाच. नारळी पौर्णिमेपर्यंत डावा डोळा अर्धा राखी झाला, उजवा होता तसा. नाक्यावरची मंडळी म्हणायला लागली की शिवाच्या आईला विचारायला हवं. शिवा हसायचा. पण घरी येऊन आरशापुढे बसायचा, कारण ज्या डोळ्यांवर पोट होतं त्यांतला एक कुठेतरी निघाला होता आणि सीझन तोंडावर होता.

डॉक्टर कमळाकरांनी बॅटरी मारून, भिंगातून, असं सगळीकडून पाहिलं. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, पाटीवरची खालची ओळसुद्धा वाचत होता. डॉक्टरांनी मग नीट समजावलं. माणसाच्या डोळ्यात हिरवा, निळा, राखी असा रंग मुळी नसतोच. सगळ्यांच्या बुबुळात एकच तपकिरी द्रव्य. भरपूर असलं की डोळा काळा, थोडं असलं की घारा, आणि अगदीच नसल्यात जमा असलं की उजेड आतल्या आत विखुरतो आणि आभाळ निळं दिसतं तसा डोळा निळा दिसतो. कोणाला किती मिळायचं ते आईबापांकडून, आज्या-पणज्यांकडून ठरून येतं. काही बाळं फिकट डोळ्यांची जन्मतात, मग काही महिन्यांत रंग भरतो. मोठेपणी सहसा बदलत नाही. बदलला तर कारण असतं. मार लागतो, आत सूज येऊन रंग झडतो, नाहीतर लोखंडाचा कण घुसून बसतो आणि बुबुळाला गंज चढतो.

शिवाला सगळ्यात जास्त लागलं ते हिरवा रंग नसतो याचं. त्याने तर त्या डोळ्यात हिरवा, पिवळा, राखी असे तीन रंग घातले होते.

"मग माझा रंग झडून गेला कुठे, डॉक्टर?"

"गेला कुठे म्हणजे? शरीरात जिरतो," डॉक्टर म्हणाले. पण परत बॅटरी घेऊन ते जरा जास्तच वेळ आत बघत राहिले. सूज नाही, कण नाही, काहीच नाही असं म्हणून त्यांनी थेंब लिहून दिले.

त्यानंतरच्या एका दुपारी शिवा मूर्तीची भुवई काढत होता. रेघ सरळ आहे का बघायला कारागीर एक डोळा मिटतो, तसा त्याने उजवा मिटला. आणि समोर गणपती नव्हता. समोर फळा होता. खडूने काहीतरी इंग्रजी लिहिलेलं, पुढच्या बाकावर दोन वेण्या, आणि एक हात वहीवर भराभर चालत होता, पोरीचा. शिवाने उजवा उघडला. गणपती. मिटला. फळा.

दुसरा माणूस असता तर देवळात धावला असता. हा बेटा खूष झाला. दिवसभर एक डोळा मिटून बसायला लागला. नाक्यावर चहा पिता पिता डोळा झाकायचा आणि नव्या पनवेलात आज कोणाकडे काय भाजी आहे ते सांगायचा. मंडळींना वाटायचं थापा. त्यालाही तेच सोयीचं होतं. रात्री झोपताना तेवढा त्रास व्हायचा. पोरगी डोळा काढून वाटीत पाण्यात ठेवायची, आणि नकली डोळ्याला पापणी नसते. शिवाने दोन्ही डोळे मिटले तरी डावा उघडाच. स्टीलची गोल कड, वर छत. त्याकडे बघत पडून राहायचं.

मग एक दिवस भरदुपारी त्याने उजवा मिटला तोच पाणी आलं.

चित्र उलटंपालटं झालं, पांढरं पांढरं काही उसळलं, आणि मग नुसतं पाणी. वाटीतलं असतं तसं नितळ नव्हे. हिरवं, गढूळ, मातीचे कण तरंगणारं. वाटीची कड दिसेना. शिवाला वाटलं, पोरीला नवा डोळा नकोसा झाला, टाकला असेल कुठल्या तरी भांड्यात. संध्याकाळपर्यंत काढेल. काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर कधीच नाही. उजेड मात्र दिवसातून दोनदा वाढायचा, दोनदा विझत जायचा. भांडं खिडकीत नेऊन ठेवत असेल आणि परत आणत असेल, असं त्याने ठरवलं. नाकाला सारखा चिखलाचा वास यायचा, ओहोटीला खाजणात येतो तसा. माती मळून मळून नाकात बसला असेल, असंही त्याने ठरवलं. माणूस ठरवायला बसला की काय वाट्टेल ते ठरवतो.

पण आता हसण्यासारखं राहिलं नव्हतं. उजवा डोळा उघडा असतानाही ते पाणी सगळ्यावर पसरायला लागलं. शिवा ब्रश टेकवायचा आणि रेघ हलायची. गणपती जवळ आलेले, शेडमध्ये मूर्तींच्या रांगा लागलेल्या, शेले रंगले, मुकुट सोनेरी झाले, आणि कपाळाखाली सगळ्यांना दोन दोन पांढऱ्या जागा. गिऱ्हाइकं येऊन बघून जायची. शिवाने एकाचे डोळे कसेबसे आखले, तर हौसाने ती मूर्ती फडक्याने झाकून मागे ठेवली. कोणी बघू नये म्हणून, की मूर्तीने कोणाकडे बघू नये म्हणून, ते तिने सांगितलं नाही.

आणि मग त्या पाण्यावर कोणीतरी वाकायला लागलं.

दिवेलागणीच्या सुमाराला, पाण्यातला उजेड जायच्या बेताला, वरून एक तोंड यायचं. हळू. पहिल्या दिवशी लांब, नुसती सावली. दुसऱ्या दिवशी जरा जवळ. एका बाजूला डोळ्याच्या जागी खळगा होता, तेव्हा चारुताच ती, यात शिवाला शंका नव्हती. दुसरी बाजू केसांनी झाकलेली. फक्त केस खाली लोंबत नव्हते... वर गेलेले होते, पसरून, हलत. पंखा लावला असेल. ती काही करायची नाही. डोळा उचलायची नाही, पाणी बदलायची नाही. नुसती बघायची, अंधार होईपर्यंत. आणि अंधार झाल्यावर शिवाला कळायचं नाही की ती गेली, की अजून तिथंच आहे...

तो झोपेना. उशीखाली तोंड खुपसलं तरी डावा डोळा उघडाच. हौसा उठून दिवा लावायची. एका संध्याकाळी तो उंबऱ्यात बसला होता आणि तिच्या हातातलं सूप तिथंच राहिलं, कारण शिवा एकदम मागे सरकला होता, जशी समोर कोणी काठी उगारली.

"काय झाला?"

"बोट लावलं तिने," शिवा म्हणाला. "डोळ्याला..."

हौसा त्याच्या डोळ्यात बघत राहिली. काळं काही उरलंच नव्हतं. हिरवा, राखी, मधासारखी झाक आणि काठाला गडद रेघ. शिवाने आखला होता तस्साच.

"उद्या जा," ती म्हणाली. "पाया पड, काय बी कर. डोला मागून आना आन् काला रंगवा त्याला. तुमचा तुमाला परत मिलंल."

शिवालाही तेच सुचलं होतं. पोरीचा डोळा काळा केला की आपला रंग फिरून येईल, नाहीतर निदान बघणं तरी थांबेल. चतुर्थी दारात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, एका डोळ्यावर रुमाल बांधून तो नव्या पनवेलात गेला.

चारुताने दार उघडलं. बाई आत पूजेची भांडी घासत होत्या. पोरीच्या डाव्या डोळ्याच्या जागी तो जुना तपकिरीच बसवलेला होता, हे शिवाने पाहिलं आणि त्याला जरा धीर आला. म्हणजे त्याचा अंदाज बरोबर होता. घाऱ्याला भांड्यात टाकून ही बया जुना घालून फिरत होती. एवढी मेहनत केलेली, त्याचा रागही आला. आणि खरं सांगायचं तर रागावलं की भीती जरा कमी वाटते.

तो बसलाच नाही. उभ्या उभ्या रुमाल सोडला आणि आपला डोळा तिला दाखवला. पोरगी दोन पावलं मागे गेली. मग त्याने सगळं सांगितलं, फळ्यावर काय लिहिलं होतं तेसुद्धा. ती ऐकत गेली. आधी ओठांवर हसू होतं, ते फळ्याचं ऐकताच मावळलं. आतली भांड्यांची खळखळ थांबली.

"डोळा दे मला," शिवा म्हणाला. "चतुर्थी झाली की दुसरा करून देतो, याच्याहून झकास. आणि देणार नसलीस तर निदान पाणी तरी बदलत जा, पोरी. किती घाण ते. नाहीतर रोज तिन्हीसांजेला त्याच्यावर वाकून बघत बसतेस, ते तरी बंद कर. काल बोट लावलंस. मी म्हातारा माणूस... मला ते सोसत नाही."

चारुताने आईकडे पाहिलं. अरुंधतीबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, सांग म्हणाल्यासारखी.

"काका, आम्ही उरणला मावशीकडे गेलो होतो," चारुता हळू म्हणाली. "मोरा बंदरातून लाँचने मुंबईला निघालो. धक्का सुटला आणि मला शिंक आली, तुमचा डोळा पाण्यात गेला. त्याला दहा दिवस होत आले. तिथे खाली, तळाशी... त्याच्यावर वाकायला मी कशी जाईन?"